पाच हजार वर्षांची डबी

मागच्या दिवाळीत सिंगापूरहून आलेल्या आत्येभावाने आईच्या हातात एक डबी ठेवली. लाल-सोनेरी झाकण, आत मिरीएवढ्या काळ्या गोळ्या. "मामी, गुडघ्यांसाठी आणल्यात. तिकडे सगळे घेतात." डबीवर सगळा मजकूर चिनी, फक्त एक ओळ इंग्रजीत होती: पाच हजार वर्षांची परंपरा.

आईला बीपीची गोळी सुरू आहे. सोलापुरातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रात्री तिने विचारलं, "घेऊ का रे?" मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणालो, "घे की. नैसर्गिकच आहे."

नंतर हे वाक्य मला टोचत राहिलं. "हा कोड फार जुना आहे, म्हणजे चालत असणारच," असं ऑफिसात कोणी म्हटलं तर आम्ही त्याला हसतो. कुठली ओळ कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली, हे आधी बघतो. आईला मी "आज नको, उद्या सांगतो" म्हणालो आणि त्या 'पाच हजार वर्षां'च्या ओळी तपासायला बसलो.

सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून केली. आमच्या टीममध्ये चेंगदूची एक मुलगी आहे. सर्दी, पोटदुखी, पाळी, फसलेलं रिलीज, कशावरही तिचा एकच उपाय: गरम पाणी पी. चीनमध्ये हा सल्ला इतका सार्वत्रिक आहे, की त्यावर विनोद होतात. प्रेयसी आजारी पडली की बिनकामाचा प्रियकर फक्त 'जास्त गरम पाणी पी' एवढंच मेसेज करतो म्हणे! मला वाटायचं, हीच ती हजारो वर्षांची परंपरा.

पदार्थ उष्ण की थंड हा विचार तिथे खरोखरच जुना आहे. आपल्याकडे पपई उष्ण आणि काकडी थंड, तसं तिथे आलं उष्ण आणि खेकडा थंड. म्हणून खेकड्यासोबत आलं खायचं. पण घरातल्या प्रत्येकाने रोज उकळलेलंच पाणी प्यायचं, तर जळण लागतं, आणि ते गरिबाला परवडत नव्हतं. शांघायमध्ये उकळतं पाणी विकणारी दुकानं होती, त्यांना 'वाघचूल' म्हणत. 1934 मध्ये च्यांग काय-शेकच्या सरकारने 'नवजीवन चळवळ' काढली आणि नागरिकांनी उकळलेलं पाणी प्यावं असा प्रचार केला. 1952 मध्ये कम्युनिस्ट सरकारने 'देशभक्तीपर आरोग्य मोहीम' सुरू केली. मग कारखान्यांत, शाळांत, स्टेशनांवर बॉयलर आले आणि घरोघरी थर्मास आले. म्हणजे आजीच्या बटव्यातली वाटणारी ही सवय देशभर पसरली ती सरकारी मोहिमांमुळे, कॉलरा आणि हगवण रोखण्यासाठी. ती टिकली, कारण उकळल्यावर जंतू खरोखर मरतात.

पुढची ओळ नावाची. चिनी भाषेत या वैद्यकाला 'चोंगयी' म्हणतात, म्हणजे नुसतं 'चिनी वैद्यक'. त्यात 'पारंपरिक' हा शब्दच नाही. आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी येऊन उभं राहीपर्यंत 'चिनी' असं वेगळं सांगायचीही गरज नव्हती. वैद्यक ते वैद्यक.

त्या वैद्यकावर सगळ्यात जास्त चिडलेला माणूस चिनी लेखकच होता. लू शुन लहान असताना त्याचे वडील आजारी पडले. नावाजलेले वैद्य यायचे, भरमसाट फी घ्यायचे आणि औषधासोबत दुर्मीळ गोष्टी मागायचे. तीन वर्षं दहिवर सोसलेला ऊस आणा. रातकिड्यांची जोडी आणा, तीही मूळची, दुसरा घरोबा न केलेली. पोरगा वणवण फिरून हे सगळं गोळा करत राहिला. 1896 मध्ये वडील गेले. पुढे तो आधुनिक वैद्यक शिकायला जपानला गेला, आणि 1926 मध्ये 'वडिलांचं आजारपण' या लेखात त्याने हा हिशोब मांडला. रात्री दोन वाजता हे वाचताना पलीकडच्या खोलीतून आईचं घोरणं ऐकू येत होतं.

1929 मध्ये तर जुनं वैद्यक बंदच करायचा घाट घातला गेला. जपानमध्ये शिकलेल्या यू युनश्यू या डॉक्टरने तसा प्रस्ताव आरोग्य मंडळापुढे ठेवला. 17 मार्चला देशभरातले वैद्य शांघायला जमले, त्यांचं शिष्टमंडळ राजधानी नानजिंगला गेलं आणि प्रस्ताव बारगळला. एकेकटे दवाखाने चालवणारे, एकमेकांचं न पटणारे वैद्य त्या भीतीने पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र आले.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला चीन म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांतले ते एक. 1942 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी तिथेच वारले. ते आधुनिक सर्जन होते. पण त्याच युद्धाच्या काळात येनानच्या कम्युनिस्ट तळावर नाकेबंदीमुळे औषधं मिळेनाशी झाली, आणि आधुनिक शिक्षण घेतलेल्या चू ल्यान या डॉक्टरबाई ॲक्युपंक्चरकडे वळल्या. सुयांना औषध लागत नाही, आणि सुया खिशात मावतात. त्यांनी सुया निर्जंतुक करण्यावर भर दिला, मज्जासंस्थेच्या भाषेत सगळं नव्याने मांडलं आणि 1951 मध्ये पुस्तक काढलं. त्याच्या नावातच 'नवं ॲक्युपंक्चर' असे शब्द होते. कोटणीसांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली.

1949 नंतर माओपुढे प्रश्न साधा होता: माणसं सुमारे 54 कोटी आणि आधुनिक डॉक्टर फारच थोडे. जुने वैद्य मात्र गावोगावी होते. त्यांना बंद करण्याऐवजी सरकारने कामाला लावलं. 1956 मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि चेंगदू इथे चिनी वैद्यकाची महाविद्यालयं निघाली. घराण्याघराण्यांत वेगळं शिकवलं जाणारं ज्ञान एकसारख्या पाठ्यपुस्तकांत बसवलं गेलं. आज जगभर जे एकसंध 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून मिळतं, त्याची ही बांधणी माझ्या आजोबांपेक्षा लहान आहे. आतला माल जुना आहेच. 'पीत सम्राटाचा ग्रंथ' सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. पण तिथले जाणकारही जुनं म्हणून सगळं मान्य करत नव्हते. ली शिचेनने सोळाव्या शतकात 1892 औषधी द्रव्यांचा कोश रचला, तो पूर्वसूरींच्या चुका दुरुस्त करत करतच.

मग मी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या.

पहिली: 1969 मध्ये थू यौयौ या बाई मलेरियावरच्या एका गुप्त लष्करी प्रकल्पात आल्या. त्यांच्या गटाने जुने दोन हजार नुस्खे गोळा केले. 'छिंगहाव' ही वनस्पती कधी गुण दाखवायची, कधी नाही. चौथ्या शतकातल्या को होंगच्या पोथीत लिहिलं होतं, की मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यावा. उकळायला सांगितलंच नव्हतं. उष्णतेने औषध मरत असेल का? त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला. ऑक्टोबर 1971 मध्ये तो अर्क उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. माणसांना देण्याआधी बाईंनी तो स्वतः घेतला. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दुसरी: 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. अशा बायका शंभराहून जास्त निघाल्या. गोळ्यांत 'फांगजी' नावाचं मूळ हवं होतं, त्याऐवजी 'ग्वांग फांगजी' पडलं. नावात एका शब्दाचा फरक, पण दुसऱ्यात ॲरिस्टोलोचिक ॲसिड असतं. ते मूत्रपिंड मारतं आणि कर्करोगही करतं. फांगजी परंपरेने कशावर देतात ते वाचून मी खुर्चीत सरळ झालो. सुजेवर आणि सांधेदुखीवर.

शिवाय अशा डबीबंद गोळ्यांत गुपचूप वेदनाशामकं आणि स्टेरॉइड मिसळलेली सापडल्याचे इशारे सिंगापूरच्याच आरोग्य खात्याने अनेकदा दिले आहेत. अनेक वेदनाशामकांनी बीपी वाढतं. म्हणजे आईचा गुडघा थांबला असता, आम्ही पाच हजार वर्षांना श्रेय दिलं असतं, आणि बीपीची गोळी का लागू पडत नाही हे कोणालाच कळलं नसतं.

सकाळी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काल 'घे' कशाला म्हणालास?"

उत्तर नव्हतं. घाईत होतो. आई विचारत होती आणि मला ते लवकर संपवायचं होतं. 'नैसर्गिक' आणि 'पाच हजार वर्षं' हे शब्द त्यासाठी फार सोयीचे असतात.

डबीवरच्या चिनी मजकुराचा फोटो चेंगदूला पाठवला. तिने घटक वाचून सांगितले, पण चार नावांपुढे प्रमाण दिलेलंच नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी यादी बघून डबी बाजूला ठेवायला सांगितली, आईची क्रिएटिनिनची तपासणी केली आणि मांडीचे तीन व्यायाम लिहून दिले. व्यायाम ती कुरकुरत करते. रात्री शेक घेते आणि गरम पाणी पिते. शेकाने बरं वाटतं, आणि त्याचं कारण कोणी विचारलं तर सांगता येतं.

गोळ्या फेकल्या. डबी सुंदर आहे म्हणून आईने ठेवून घेतली. आता तिच्यात बटणं असतात.