खासगी निवासी शाळेची फी सरकार भरतं, पण कोणाची? अर्जाआधी हे वाचून घ्या

पालम : दिवाळी झाली की तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि शिकणारं लेकरू कुठं ठेवायचं हा प्रश्न घरोघरी येतो. निवासी शाळा चांगली, पण वर्षाला लाखाच्या आसपासची फी ऐकूनच माणूस गप्प बसतो. ही फी सरकारकडून भरली जाते अशा काही योजना आहेत. आपल्या गावांत त्या फार कमी लोकांना माहीत आहेत.

सगळ्यात मोठी मदत 'श्रेष्ठ' योजनेची. ही केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची योजना फक्त अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आठवीत किंवा दहावीत शिकणारं मूल यात परीक्षा देऊ शकतं. पास होऊन गुणवत्ता यादीत आलं तर सीबीएसईच्या खासगी निवासी शाळेत नववीला किंवा अकरावीला प्रवेश मिळतो. देशभरात दरवर्षी साधारण ३,००० जागा असतात. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. नववीसाठी १ लाख, दहावीसाठी १ लाख १० हजार, अकरावीसाठी १ लाख २५ हजार आणि बारावीसाठी १ लाख ३५ हजार रुपये मंजूर आहेत. म्हणजे नववीला लागलेल्या लेकरामागं चार वर्षांत ४ लाख ७० हजार. यात शिकवणीची फी, वसतिगृह आणि मेसचं जेवण सगळं धरलेलं आहे, आणि पैसा थेट शाळेला जातो. पालकाच्या खात्यावर काही येत नाही, त्यामुळं 'तुमच्या खात्यात जमा करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अर्जालाही फी नाही.

परीक्षा एनटीए घेतं, नाव 'नेट्स'. शंभर प्रश्न, तीन तास. गणिताचे ३०, विज्ञानाचे २०, सामाजिक शास्त्राचे २५ आणि सामान्य ज्ञानाचे २५. अडचण इथंच आहे. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत हुशार असलेलं पोरगं गणितात अडत नाही, प्रश्न वाचतानाच अडतं. म्हणून सातवीपासूनच एनसीईआरटीची गणित-विज्ञानाची पुस्तकं हाताशी असू द्या, ती इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रवेश झाल्यावर मागं पडणाऱ्या मुलासाठी शाळेनं शाळा सुटल्यावर वेगळे वर्ग घ्यावेत, असंही योजनेत आहे आणि त्याचा पैसा वेगळा मिळतो. ही गोष्ट शाळेत विचारायला लाजू नका.

निकालानंतर ऑनलाइन शाळा निवडाव्या लागतात. पसंतीक्रम वेळेत भरला नाही तर यादीत नाव असूनही जागा जाते. शाळा परराज्यातही मिळू शकते, त्याची घरात आधीच चर्चा करा.

धनगर समाजासाठी राज्याची वेगळी योजना आहे. भटक्या जमाती-क प्रवर्गातल्या मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळेत पहिली ते पाचवीच्या वर्गात प्रवेश मिळतो. उत्पन्नाची अट मात्र कडक, वर्षाला १ लाखाच्या आत. चौकशी परभणीच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात करा.

बाकीच्यांसाठी सैनिक शाळा आहे. साताऱ्याची शाळा १९६१ ची, देशातली पहिली. सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ च्या दरम्यान पाहिजे, मुलीही बसू शकतात आणि सहावीचा पेपर मराठीत देता येतो. खासगी संस्थांसोबत सुरू झालेल्या नव्या सैनिक शाळांत गुणवत्ता आणि उत्पन्न बघून निम्मी फी, जास्तीत जास्त वर्षाला ४० हजार, केंद्राकडून मिळते. पण ती वर्गातल्या निम्म्या मुलांनाच, सगळ्यांना नाही. नवोदय खासगी नाही, तरी तिचा अर्ज सोडू नका. पाचवीतल्या मुलाला एकदाच संधी असते आणि ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांच्या आहेत.

आता गावात वाटल्या जाणाऱ्या पत्रकांबद्दल. '१०० टक्के स्कॉलरशिप' लिहिलेलं असतं आणि आत गेल्यावर कळतं की सूट फक्त शिकवणी फीवर आहे, मेस आणि वसतिगृह वेगळं. किंवा सूट पहिल्या वर्षापुरती. तेव्हा तीन गोष्टी शाळेच्या लेटरहेडवर लिहून मागा : सूट कशाकशावर, किती वर्षं, आणि मार्क कमी पडले तर काय. अनामत परत मिळणार का, तेही त्यातच. लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्या शाळेत पैसे भरायची घाई नको.

कागदांचं म्हणाल तर तहसीलचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, उपविभागीय अधिकाऱ्याचं जातीचं प्रमाणपत्र, आधार आणि बोनाफाईड. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, अर्ज बहुतेक तिथंच अडकतो. जूनमध्ये सेतूवर गर्दी होते, सर्व्हर बंद पडतो. परीक्षांच्या तारखा दरवर्षी मागं-पुढं होतात, त्यामुळं सैनिक शाळा आणि 'श्रेष्ठ'साठी एनटीएची वेबसाईट महिन्यातून एकदा उघडून बघत जा.