नमुन्याखाली नाव कुणाचे?

मराठीतले 'विणणे' हे क्रियापद मोठे कामसू आहे. मागावर घोंगडी विणतात, सुंभाने बाज विणतात, सुगरण पक्षी घरटे विणतो, आणि दुपारची जेवणे आटोपल्यावर आपल्या आया-मावश्या दोन सुया नि लोकरीचा गुंडा घेऊन बसत, तेही विणणेच. शब्द एकच असल्यामुळे आपला असा ग्रह होतो की सुयांवरचे विणकामही घोंगडीइतकेच जुने असणार. तसे ते नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सुयांवरचे विणकाम इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आले.

हे सगळे आत्ताच का सुचले, तर इथे जोतिबाच्या डोंगरावर आम्ही चौघीजणी मिळून लोकरीच्या टोप्यांच्या नमुन्यांची एक लहानशी पुस्तिका तयार करत आहोत. कल्पना सूनबाईची. सगळ्या टोप्या एकाच विषयावरच्या, आणि तो विषय म्हणजे आमचा डोंगर! काम सुरू झाले आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला की नमुन्याखाली नाव कुणाचे घालायचे? प्रश्न साधा वाटला, पण त्याच्या मागे मागे जाताना मी बरीच लांबवर जाऊन आले.

लोकरीच्या टोपीआधी आपले डोके झाकत असे ते कापडाने. मोठ्यांना पागोटे, फेटा, पटका, मुंडासे. तान्ह्या बाळांना कुंची नि टोपडे. सगळे एक तर गुंडाळायचे नाही तर शिवायचे. पगडीवरून माणूस कुठला ते कळत असे. पुणेरी, शिंदेशाही, होळकरी, गायकवाडी अशा दरबारागणिक तऱ्हा होत्या. पुणेरी पगडीला तर २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. यातल्या शिंद्यांचा आमच्या डोंगराशी जुना संबंध. जोतिबा हे त्यांचे कुलदैवत, आणि १७३० साली राणोजी शिंद्यांनी इथले देऊळ नव्याने बांधले असे सांगतात. देवाची सरदारी थाटातली पूजा ज्यांनी पाहिली आहे त्यांना डोईच्या वस्त्राचा मान वेगळा सांगायला नको.

मग लोकर नव्हती का? होती की! आमच्या जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात, इतकी ती घरची. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ, आखूड आणि बहुधा काळी. ती हाताने कातायची, मागावर विणायची, वर चिंचोक्याची खळ द्यायची, की पावसाला दाद न देणारी घोंगडी तयार. पाऊस आला की तिचीच खोळ करून डोक्यावर घ्यायची. अशी लोकर टोपीसाठी सुयांवर घेतली तर कपाळाला टोचते. त्यासाठी मऊ, लांब धाग्याची लोकर लागते, आणि ती पुढे गिरण्यांबरोबर आली. कानपूरची 'लाल इमली' गिरणी १८७६ साली निघाली. अशा गिरण्यांमुळे लोकरीचा माल देशातच होऊ लागला.

सुया मात्र त्याआधीच आल्या होत्या, त्या मिशनच्या मुलींच्या शाळांबरोबर. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली; कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर हे मिशनरी आले. अशा शाळांतून अक्षरओळखीबरोबर शिवणटिपणाचे, विणकामाचे धडे असत. मुलगी नुसती पुस्तक घेऊन बसली तर घरचे नाराज होत. हातात सुई दिसली की शाळा जरा पचनी पडे. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, तिथेही शिवणकामाचे वर्ग होते. म्हणजे आपल्याकडे बाईच्या हाती सुई आणि पाटी जवळजवळ एकदमच आली. मला हे फार अर्थपूर्ण वाटते. कारण पुढे घडले ते असे, की पाटीवर आपण बरेच काही लिहिले, पण सुईने केलेले मात्र फारसे लिहिले नाही.

विलायतेत काय झाले पाहा. तिथे विणलेली टोपी फार जुनी. १५७१ साली एलिझाबेथ राणीच्या काळात तिथल्या पार्लमेंटने कायदाच केला की सहा वर्षांवरच्या माणसाने रविवारी आणि सणावारी देशात बनलेली लोकरीची विणलेली टोपी घातली पाहिजे, नाही तर दंड! सरदार-दरकदारांना अर्थातच सूट. टोपी विणणाऱ्यांचा धंदा बुडू नये म्हणून हा खटाटोप. लोक काही बधले नाहीत आणि १५९७ साली कायदा रद्द झाला. पण त्या हजारो टोप्या विणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला टोपीवरून कळत नाही.

नाव आले ते नमुना कागदावर आला तेव्हा. एडिंबरोमध्ये जेन गॉगेन नावाची एक बाई लोकर-सुयांचे दुकान चालवत असे. गिऱ्हाइकांना ती नमुने लिहून देई. १८४० साली तिने त्यांचे पुस्तक काढले, तेही आधी वर्गणीदार मिळवून. टाक्यांसाठी तिने अक्षरांच्या खुणा ठरवल्या, म्हणजे अख्खी ओळ चार अक्षरांत मावायची. मला त्या बाईचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी, की जी गोष्ट तोवर शेजारी बसूनच शिकता येत होती, ती तिने कधी न भेटलेल्या बाईपर्यंत पोचवली. आणि पुस्तकावर नाव होते, म्हणून पावणेदोनशे वर्षांनंतर मी जोतिबाच्या डोंगरावर बसून तिच्याबद्दल लिहू शकते आहे.

आपल्याकडची माकडटोपी घ्या. तिकडे तिला 'बालाक्लावा' म्हणतात. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली बालाक्लावा गावी लढाई झाली, त्या गावाचे हे नाव; टोपीला ते चिकटले मात्र बऱ्याच वर्षांनी. एका लढाईची आठवण टोपीच्या नावात राहिली. आपल्याकडे १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी देशभरच्या बायकांनी जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले. मी तेव्हा शाळकरी पोर, पण घरोघरी सुयांची टकटक चालू होती ते आठवते. त्या टोप्या हिमालयात गेल्या. त्यांना नाव ना गाव.

आमच्या पिढीच्या बायकांकडे वह्या असत. 'सुलट दोन, उलट दोन, अशा बारा ओळी' असे शाईने लिहिलेले, मध्येच किराणा सामानाची यादी. माझ्याकडेही अशी एक आहे. तिच्यात नमुन्यांना नावे आहेत: जाळीची वीण, वेणीची वीण, चौकड्यांची वीण. पण ती ज्यांच्याकडून घेतली त्यांची नावे नाहीत. शेजारणीकडून, नणंदेकडून, गाडीत भेटलेल्या बाईच्या स्वेटरवरून नमुना उचलायचा हीच रीत होती. कुणाला त्यात चोरी वाटत नसे, उलट मान वाटे. रीत चांगलीच होती. फक्त ती हातावर अवलंबून होती. हात गेला की वीणही गेली.

सासूबाईंची एक कानटोपी ट्रंकेत राहिली आहे. त्यांनी ती माझ्या सासऱ्यांसाठी विणली होती. नमुना त्यांनी कुणाला लिहून दिला नव्हता, म्हणून आम्ही ती टोपीच वाचायला घेतली. शिलालेख वाचतात तशी! भिंग घेऊन टाके मोजले: काठाला शहाण्णव. नेहमीच्या टोपीत या शहाण्णवचे आठ भाग करतात, बारा-बारा टाक्यांचे. मग एका आड एक ओळीत प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे दर खेपेला आठ टाके कमी. अकरा खेपांनी आठ उरतात, त्यांतून धागा ओढून गाठ मारायची. सासूबाईंच्या टोपीत असे नाही. तिथे टाके फक्त दोन्ही कानांच्या बाजूंना कमी केले आहेत, आणि माथ्यावर पुढची-मागची बाजू सपाट जोडली आहे. गाठ नाही, गोंडा नाही. हे असे का, ते आमच्यातल्या सर्वांत धाकटीच्या लक्षात आले. सासरे त्या टोपीवरून पटका बांधत! माथ्यावर गाठ असती तर ती टोचली असती.

म्हणजे विलायतेहून आलेली टोपी आमच्या घरी पटक्याच्या आत जाऊन बसली होती, आणि त्यासाठी एका चौथी शिकलेल्या बाईने तिची घडण बदलली होती. याला रचना करणे म्हणतात. पण ती स्वतः 'मी रचना केली' असे कधी म्हणाली नसती.

एका विषयावरच्या टोप्या कशासाठी, असेही काहींनी विचारले. नॉर्वेवर जर्मनांचा ताबा होता तेव्हा लोक लाल विणलेली टोपी घालून मूकपणे निषेध दाखवत. फेब्रुवारी १९४२ मध्ये तिच्यावर बंदी आली. एक टोपी, एक रंग, पण सारा देश त्यात बोलत होता. शेटलंड बेटांवर दर वर्षी लोकर सप्ताह भरतो, त्यासाठी एक नवी टोपी रचतात. २०१५ सालची डॉना स्मिथ यांची टोपी मेंढ्यांच्या चित्रांची होती आणि ती जगभर विणली गेली. बेट कधीही न पाहिलेल्या माणसांनी ते डोक्यावर घेतले! विषय असला की टोपीबरोबर गावही जाते.

आमच्या टोप्या सात: गुलाल, दवणा, सासनकाठी, दीपमाळ, घोंगडी, धुके आणि पटका. गुलाल कशी असेल हे चैत्र यात्रेला आलेल्यांना सांगायला नको. दवण्याची हिरवी, जाळीच्या विणीची. सासनकाठीला उभे पट्टे. धुके म्हणजे आमचा श्रावण, करड्या लोकरीचे चार फिके रंग. घोंगडीची काळी, पण मऊ लोकरीची, खोळीसारखी मागे उतरलेली. चित्र काढून काढून टोपी सजवायची नाही असे ठरवले आहे. टोपी आधी टोपी हवी; डोंगरावरच्या वाऱ्यात कान झाकले पाहिजेत. प्रत्येक नमुना, जिने तो विणलेला पाहिलेला नाही अशा बाईकडून एकदा विणून घ्यायचा, आणि ती जिथे अडेल तिथे शब्द बदलायचे. शिक्षकी पेशात हेच केले: मूल अडले की वाक्य बदलायचे.

नावाचा निकाल असा लागला. प्रत्येक नमुन्याखाली दोन ओळी असतील. पहिली 'हात कुणाचा', दुसरी 'लिहिले कुणी'. जाळीची वीण जिच्याकडून आली ती शेजारीण आज नाही, पण तिच्या मुलाला विचारून तिचे नाव घातले. जिथे नाव सापडलेच नाही तिथे 'डोंगरावरची एक बाई' असे छापायचे, जागा कोरी सोडायची नाही. आणि सातव्या टोपीखाली, म्हणजे 'पटका'च्या, सासूबाईंचे पूर्ण नाव. नातलगांना ते सांगायला नको. छापील अक्षरांत ते आजवर रेशनकार्डावर तेवढे आले होते.

पुस्तिका पौषापर्यंत तयार होईल. तोवर एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत एखादी जुनी विणलेली टोपी असेल तर ती कसर लागली म्हणून टाकू नका. उजेडात धरा, टाके मोजा, आणि कुणाची ते कागदावर लिहून टोपीतच घडी करून ठेवा.