ताटली कोण फिरवणार? टर्नटेबलचा जुना वाद

आज महागड्या टर्नटेबलची गोष्ट. घ्यायला निघालात की पहिला प्रश्न येतो, बेल्ट ड्राइव्ह की डायरेक्ट ड्राइव्ह? सोशल मीडियावर लोक यावरून अक्षरशः हमरीतुमरीवर येतात. पण हा वाद सुरू कशामुळे झाला, ते कुणी सांगत नाही.

१९५४ साली इंग्लंडच्या स्विंडनमधल्या गॅरार्ड कंपनीने ३०१ हे मॉडेल काढलं. त्यात मोटर आणि ताटलीची कड यांच्यामध्ये एक रबरी चाक दाबून बसवलेलं. ताकद भरपूर, वेग पक्का. पण मोटरची थरथर त्या चाकातून थेट ताटलीत. मोनोच्या जमान्यात हे खपून गेलं, कारण तेव्हा आवाज खाचेच्या फक्त आडव्या हालचालीत असायचा. १९५८च्या आसपास स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या आणि गंमत झाली. स्टिरिओची सुई वर-खाली हालचालही वाचते. म्हणजे आधी न ऐकू येणारी घरघर आता स्पीकरमधून यायला लागली!

त्यावर अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१मध्ये तोडगा काढला. मोटर बाजूला, मध्ये रबरी पट्टा, आणि ताटली व टोनआर्म एकत्र स्प्रिंगांवर टांगलेले. साधं, स्वस्त, आणि शांत. याच कल्पनेवर १९७३मध्ये ग्लासगोहून लिनचा सॉन्डेक एलपी१२ आला. त्याचे कर्ते आयव्हर टीफेनब्रुन यांचं म्हणणं उलटंच होतं. तोवर लोक म्हणायचे, पैसे स्पीकरवर घाला. हे म्हणाले, सुईने जे उचललंच नाही, ते पुढचा कुठला स्पीकर परत आणणार? आज ‘आधी टर्नटेबल’ असं ऐकता ना, त्याचा मोठा प्रचार इथून झाला.

तिकडे जपानमध्ये टेक्निक्सने १९७०मध्ये एसपी-१० आणला. पट्टाच नाही! ताटली थेट मोटरवर, आणि मोटरच मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी सावकाश फिरणारी. १९७२चा एसएल-१२०० खरं तर घरात ऐकण्यासाठी होता. डीजेंनी तो उचलला, आणि त्याच्यावर ‘डीजेचं मशीन’ असा शिक्का बसला. हायफायवाले कित्येक वर्षं नाक मुरडत राहिले. माझ्या मते हा निव्वळ अन्याय. २०१०मध्ये कंपनीने ते उत्पादन थांबवलं आणि २०१६मध्ये परत आणलं, तेही चढ्या किमतीला.

मग आपण काय बघायचं? स्प्रिंगवाल्या टर्नटेबलला जाणकार हाताने जुळवणी लागते. तुमच्या शहरात तसा माणूस आहे का, हे आधी विचारा. लाकडी जमिनीवर चालताना सुई उडू शकते. आपल्याकडच्या स्लॅबवर ती अडचण कमी. तिथे डायरेक्ट ड्राइव्ह निवांत चालतो.

आणि आजोबांच्या कपाटात नाट्यसंगीताच्या लाखेच्या रेकॉर्डी असतील, तर थांबा. त्या ७८च्या वेगाच्या. एलपी१२वर तो वेगच नाही. जुन्या गॅरार्ड ३०१वर आहे, नव्या एसएल-१२००जीवर आहे. सुईही वेगळी, जाड टोकाची लागते, कारण ती खाच एलपीपेक्षा बरीच रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी नुसती खडखडत फिरते. म्हणून दुकानात जायच्या आधी कपाट उघडा आणि रेकॉर्डींच्या लेबलांवरचा वेग वाचा.