छिन्नमनस्क माणसाचें शरीर : एका प्रश्नाचा इतिहास

वैशाखांत खानदेशांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बालकवींच्या धरणगांवीं त्या दिवसांत दुपारच्या वेळीं कुत्रेंहि सावली सोडीत नाहीं. अशा उन्हांत अंगांत दोन सदरे आणि वर घोंगडी पांघरून एखाद्या ओट्याच्या कडेला तासन्‌तास बसून राहिलेला इसम बाजारपेठेच्या कोणत्याहि गांवांत जुन्या लोकांनीं पाहिलेला असतो. वेड्याला ऊन लागत नाहीं, असा त्याच्याविषयीं लोकांचा निकाल असतो. तो निकाल ऐकूनच पोरें त्याला खडे मारतात. कारण ज्याला ऊन लागत नाहीं त्याला खडाहि लागत नसावा, असा त्यांचा सरळ हिशेब.

हा निकाल खरा कीं खोटा, हें ठरविण्यास वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. आणि मधल्या काळांत शास्त्रज्ञांनींहि कांहीं खडे मारलेच.

ज्या विकाराला आज छिन्नमनस्कता म्हणतात त्याची स्पष्ट मांडणी प्रथम जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली. ऐन तारुण्यांत बुद्धीला लागणारी उतरती कळा, अशा अर्थाचें नांव त्यानें त्याला दिलें होतें. झुरिचच्या ऑयगेन ब्लॉयलर यास तें पटलें नाहीं. सर्वच रुग्ण उतरणीला लागत नाहींत, असें त्याला दिसलें होतें. म्हणून १९०८ सालीं त्यानें ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द योजला. विचार, भावना आणि इच्छा यांची एकमेकांशीं असलेली गांठ सुटणें, हा त्याचा अर्थ. एका देहांत दोन माणसें राहतात, ही जी समजूत पुढें नाटकांनीं व चित्रपटांनीं पसरविली, तिचा ब्लॉयलरशीं कांहींएक संबंध नाहीं. क्रेपेलिनच्या वर्णनांत मनाबरोबर शरीराचीहि नोंद आहे. रुग्णांचे हातपाय थंड व निळसर पडलेले असत, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. परंतु त्याचें कारण सांगण्यास त्या वेळीं साधन नव्हतें.

आपल्याकडे त्या काळांत सरकारचें लक्ष रुग्णाच्या नाडीपेक्षां त्याच्या भोंवतालच्या भिंतीकडे अधिक होतें. नागपूरचें वेड्यांचें इस्पितळ १८६४ सालचें, ठाण्याचें १९०१ सालचें. १९१२ च्या कायद्यानें रुग्णाला आंत घेण्याचा मार्ग बहुधा न्यायाधिशाच्या कचेरींतून जात असे. नागपूर, रत्नागिरी, ठाणें व येरवडा येथील मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांपैकीं एकहि खानदेशांत नाहीं. त्यामुळें येथील रुग्ण बहुतेक घरींच राहिला. कोठें मायेनें, कोठें साखळीनें. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण पुढें शास्त्राला ह्या प्रश्नाचें महत्त्वाचें उत्तर इस्पितळाच्या भिंतींआड मिळालें नाहीं. घराच्या बैठकींत मिळालें.

शरीराच्या बाजूनें विचार सुरू झाला तो अमेरिकेंत. हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं, भय किंवा क्रोध उत्पन्न होतांच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून एक रस रक्तांत उतरतो, छाती धडधडते, रक्तांतील साखर वाढते आणि प्राणी लढण्यास अथवा पळण्यास सिद्ध होतो. १९३६ सालीं माँट्रिऑल येथें हान्स सेल्ये यांनीं उंदरांवर प्रयोग करून असें सांगितलें कीं, थंडी असो, जखम असो वा विष असो, कोणत्याहि आघाताला शरीर पुष्कळसें एकाच ठराविक रीतीनें तोंड देतें. त्याच ग्रंथि फुगतात व जठरांत व्रण पडतात. ज्याला आपण आज तणाव म्हणतों त्याच्या अभ्यासाचा हा पाया होय.

मग साहजिकच प्रश्न आला : छिन्नमनस्क माणसांत ही यंत्रणा कशी चालते? मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील इस्पितळांत रॉय हॉस्किन्स व त्यांचे सहकारी १९२७ पासून ह्या कामास लागले होते. पुढें तेथेंच हडसन होगलंड व ग्रेगरी पिंकस यांनीं निरोगी माणसें व रुग्ण यांना सारख्याच कसोट्यांस लावलें आणि रक्तांतील पेशी व लघवींतील द्रव्यें मोजलीं. (हे पिंकस म्हणजे पुढें संततिनियमनाच्या गोळीमुळें जगप्रसिद्ध झाले तेच.) १९४९ च्या सुमारास त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निरोगी माणसाच्या अधिवृक्क ग्रंथि ताणाला चटकन प्रतिसाद देतात. रुग्णांच्या बहुधा देत नाहींत. म्हणजे बाजारांतल्या पोरांचेंच म्हणणें आतां आंकड्यांनिशीं सिद्ध झालें, असें वाटावें.

पण त्या आंकड्यांत एक फट होती. हे रुग्ण वर्षानुवर्षें इस्पितळांत कोंडलेले होते. ज्याच्या दिवसाला दिवसाचा आकारच उरलेला नाहीं त्याच्यापुढें एक यंत्र ठेवून ‘हें चालव’ म्हटलें, तर तें त्याला आव्हान वाटेलच कशावरून? जी कसोटी मनाला भिडलीच नाहीं तिचा ताण शरीरानें कां घ्यावा?

ह्याच वर्षांतील उपचार पाहिले म्हणजे मन विषण्ण होतें. व्हिएन्नांत झाकेल यांनीं १९३३ च्या सुमारास इन्शुलिन देऊन रुग्णास बेशुद्ध करण्यास आरंभ केला. बुडापेस्टांत मेडुना यांनीं १९३४ सालीं औषधानें झटके आणले. रोममध्यें चेर्लेत्ती व बिनी यांनीं १९३८ सालीं त्यासाठीं वीज वापरली. ज्या शरीराला ताण कळत नाहीं असें मानलें गेलें, त्याला आघातांतला अगदीं मोठा आघात देऊन जागें करावयाचें, असाच हा सारा खटाटोप दिसतो. इन्शुलिनची पद्धति पुढें लयास गेली. विजेचा उपचार मर्यादित प्रमाणांत टिकला, परंतु भूल दिल्यावांचून तो करूं नये असें भारताच्या २०१७ च्या कायद्यानें स्पष्ट सांगितलें आहे.

उलट दिशेचा मार्ग ह्याच देशांत आधींच सांपडला होता. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं सर्पगंधेच्या मुळीविषयीं लिहिलें कीं, तिनें उन्माद शमतो आणि रक्तदाबहि उतरतो. मन आणि रक्तवाहिन्या एकाच मुळीनें शांत व्हाव्या, ह्यांतील सूचना मोठी होती. तिकडे जगाचें लक्ष जावयास मात्र वीस वर्षें लागलीं. मुंबईच्या रुस्तुम वकील यांनीं १९४९ सालीं तिच्या रक्तदाबावरील गुणाचा लेख इंग्लंडांत प्रसिद्ध केला, १९५२ सालीं बाझेल येथें तिच्यांतील रिसर्पिन वेगळें काढण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं पॅरिसांत क्लोरप्रोमॅझिन ह्या औषधाचा गुण दिसून आला. इस्पितळांचे दरवाजे उघडूं लागले.

रुग्ण घरीं गेले आणि तेथें एक चमत्कारिक गोष्ट दिसली. लंडनमध्यें जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांस असें आढळलें कीं, ज्या घरांत सतत टीका, चिडचिड किंवा अति काळजीचा भडिमार असतो त्या घरीं गेलेला रुग्ण अधिक वेळां पुन्हां आजारी पडतो. १९७९ सालीं निकोलस टॅरिअर व सहकाऱ्यांनीं रुग्णांच्या घरीं जाऊन तळहाताच्या घामाची विद्युन्मापनें घेतलीं. घामाचा हा आलेख मनुष्याला खोटा काढतां येत नाहीं. नातेवाईक खोलींत नसतांना सर्वच रुग्णांचा आलेख निरोगी माणसापेक्षां चढा होता. शांत स्वभावाचा आप्त आंत येतांच तो उतरूं लागे. टीका करणारा आप्त आंत आला कीं तो चढाच राही. चेहऱ्यावर मात्र पुष्कळदां कांहींच दिसत नसे.

तीस वर्षांपूर्वींची समजूत येथें उलटी झाली. ऊन लागत होतें. सांगतां येत नव्हतें इतकेंच.

वूस्टरची मापनें म्हणून निव्वळ खोटीं ठरलीं, असेंहि नव्हे. हॉलंडांतील यान्सन व सहकाऱ्यांनीं १९९८ पासून दाखविलें कीं, सायकल चालविण्याच्या श्रमाला रुग्णाचें शरीर इतरांसारखाच प्रतिसाद देतें. परंतु लोकांसमोर बोलावयास उभें केलें असतां कॉर्टिसॉल हा अंतःस्राव जितका वाढावयास हवा तितका वाढत नाहीं. त्याच देशांत इनेझ मायिन-गर्मेझ यांनीं रुग्णांच्या मनगटीं वाजणारें घड्याळ बांधून दिवसभरांतील बारीकसारीक कटकटींची नोंद करविली, तेव्हां त्याच कटकटी त्यांना इतरांपेक्षां अधिक झोंबतात असें निघालें. आंत वणवा मोठा आणि त्यावर जाणारें पाणी थोडें, असा हा प्रकार आहे. कित्येक रुग्णांत कॉर्टिसॉलची नेहमींची पातळी आधींच चढलेली असते, त्यामुळें नव्या प्रसंगीं आणखी चढण्यास वाव राहत नाहीं, असें एक स्पष्टीकरण आहे. औषधांचा परिणाम वेगळा काढणें कठीण असल्यानें हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

चंदीगडला नरेंद्र विग व सहकाऱ्यांनीं लंडनचीच कसोटी लावली, तेव्हां तेथील घरांत टीकेचे बोल लंडनपेक्षां बरेच कमी आढळले. १९८७ सालीं हें प्रसिद्ध झालें. एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्यांस हें वाचून बरें वाटेल. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि साखळीची मोजदाद त्या कसोटींत नव्हती.

खानदेशाशीं ह्या इतिहासाचा एक धागा जुळतो तो धुळ्याकडील जगन्नाथ वाणी यांच्यामुळें. कॅनडांत कॅलगरी विद्यापीठांत ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारामुळें हा विकार त्यांनीं घरांतच पाहिला, आणि तो लपवून ठेवण्याऐवजीं त्याविषयीं उघड बोलणें पत्करलें. पुण्याची ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था त्यांच्या पुढाकारानें उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ ह्या चित्रपटामागेंहि त्यांचें पाठबळ होतें. वाणी २०१७ सालीं निवर्तले. पुण्याच्या त्या संस्थेंत रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांच्याहि बैठका होतात, आणि घरीं कसें बोलावें, केव्हां गप्प बसावें, हा तेथें औषधाइतकाच बोलण्याचा विषय असतो.