आजारी माणसाची दाढी: वस्तरा ते इलेक्ट्रिक शेव्हर

पूर्वी गावात आजारी माणसाची दाढी करायला न्हावी घरी येई. हात सराईत, पण वस्तरा सगळ्यांना एकच. 1903 मध्ये जिलेट यांचा पाते बदलता येणारा सेफ्टी रेझर बाजारात आला आणि घरच्यांनाही हे काम जमू लागले. 1960 च्या दशकात हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा शोध लागला. वस्तऱ्याला लागलेल्या रक्तातूनही तो पसरू शकतो. म्हणून रुग्णाचा रेझर वेगळाच ठेवा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर इलेक्ट्रिक शेव्हर बरा. जेकब शिक यांनी तो 1931 मध्ये विक्रीला आणला. पक्षाघातात बधिर बाजूला कापलेले रुग्णाला कळत नाही, तिकडे हात हलका ठेवा. आणि आधी विचारा, "बाबा, दाढी करू ना?"