वस्तादाचा हात

"तालीम" हा शब्द कानीं पडतांच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लाल मातीचा हौदा, कोपऱ्यांत ठेवलेल्या जोड्या, भिंतीवरची मारुतीची तसबीर आणि पहाटेच्या अंधारांत जोर-बैठका काढणारीं मुलें उभीं राहतात. परंतु हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. तालमीच्या प्रमुखाला "वस्ताद" म्हणतात. तोहि फारसी "उस्ताद" या शब्दाचाच मराठी अवतार होय आणि त्याचा अर्थ शिक्षक. तेव्हां भाषेच्या साक्षीनें पाहिलें तर तालीम ही शाळाच ठरते. असें असूनहि शिक्षणाच्या इतिहासांत तिची नोंद क्वचितच होते. पाटी-पुस्तकाच्या शाळेनें ज्या मुलांना दाराबाहेर ठेवलें त्यांपैकीं कित्येकांना पहिला गुरु भेटला तो मात्र या दुसऱ्या शाळेंत, ही गोष्ट विसरतां येण्याजोगी नाहीं.

या शाळेची शिकविण्याची रीत पुस्तकी शाळेहून मुळांतच निराळी आहे. ढाक, धोबीपछाड किंवा कलाजंग हे डाव वर्णन ऐकून येत नाहींत. वस्ताद शिष्याचा खांदा धरतो, त्याचें पाऊल चार बोटें पुढें सरकवितो, मानेवर आपल्या हाताचा भार देतो आणि मान किती ताठ ठेवावी हें त्या भारानेंच सांगतो. शिष्याच्या अंगाला जें कळतें त्याला शब्दांची गरज उरत नाहीं. दांडपट्ट्यांतहि मनगट कोठें वळावें हें प्रथम वस्तादाच्या हातांतून शिष्याच्या हातांत उतरतें. थोडक्यांत म्हणजे ही विद्या स्पर्शावांचून देतां येत नाहीं आणि घेतांहि येत नाहीं. पुढील सर्व हकीकतीचें मर्म या एका गोष्टींत आहे.

तथापि तालमीचीं दारें सर्वांना सारखींच उघडीं होतीं असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. पेशवाईंतल्या पुण्याविषयीं एका मुलीची लेखी साक्ष उपलब्ध आहे. मुक्ता साळवे हें तिचें नांव. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत ती शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलेला निबंध "ज्ञानोदय" पत्रानें १८५५ सालीं फेब्रुवारी व मार्च महिन्यांच्या अंकांतून छापला. बाजीरावाच्या राज्यांत मांग किंवा महार तालीमखान्यापुढून चालत गेला तर गुलटेकडीच्या मैदानांत त्याच्या मस्तकाचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ होई, असें तिनें त्या निबंधांत नमूद केलें आहे. ज्या दारांत शिरणें तर राहोच, ज्यावरून जाणेंहि प्राणाशीं गांठ घालणारें होतें, तें दार तालमीचें होतें. ही आठवण लिहून ठेवणारी मुलगी मात्र एका वस्तादाच्याच घराण्यांतली होती. तो वस्ताद म्हणजे लहुजी राघोजी साळवे.

लहुजींचा जन्म १७९४ सालचा. घराणें मातंग समाजांतलें, पुरंदर किल्ल्याच्या परिसरांतलें आणि शस्त्रविद्येसाठीं नांवाजलेलें. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीच्या रणांगणावर इंग्रजांशीं लढतांना त्यांचे वडील राघोजी धारातीर्थीं पडले, असें परंपरा सांगते. पुढल्याच वर्षीं पेशवाई संपली. राज्य गेलें आणि राज्याबरोबर अनेक लढवय्या घराण्यांचा रोजगारहि गेला. अशा वेळीं हातांत असलेल्या विद्येचें काय करावयाचें, हा प्रश्न पुष्कळांपुढें होता. लहुजींनीं तिची शाळा केली. पुण्याच्या गंज पेठेंत त्यांची तालीम उभी राहिली. कुस्ती, दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी यांचे धडे तेथें मिळूं लागले.

त्या तालमींत कोण येत असत हें पाहिलें म्हणजे तिचें वेगळेपण ध्यानांत येतें. अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतलीं मुलें तर तेथें होतींच, परंतु माळी समाजांतले तरुण जोतीराव फुलेहि होते. दांडपट्टा आणि नेमबाजी आपण लहुजींजवळ शिकलों हें जोतीरावांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. १८७९ सालीं इंग्रज सरकाराविरुद्ध बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके हे चित्पावन कुळांतले. तेहि लहुजींच्या शिष्यांत गणले जातात. ज्याची सावलीहि अंगावर पडूं नये असें शहर मानीत होतें, त्याचाच हात शिष्य आपल्या खांद्यावर, मानेवर, मनगटावर घेत होते आणि मातीला व वस्तादाच्या पायांना वंदन करून हौद्यांत उतरत होते. शिवाशिवीवर केलेलें हें एखादें व्याख्यान नव्हतें. कुस्ती खेळावयाची तर प्रतिस्पर्ध्याला कवेंत घ्यावेंच लागतें. विटाळ पाळून कुस्ती होत नाहीं. जें तत्त्व पटवून देण्यास पुढें कित्येक पिढ्या खर्चीं पडल्या, तें त्या हौद्यापुरतें रोजच्या सरावानेंच निकालांत निघालें होतें.

लहुजींचें कार्य येथेंच थांबलें असतें तर तें एका मोठ्या वस्तादाचें चरित्र झालें असतें. परंतु १८४८ सालीं जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली आणि १८५२ च्या सुमारास अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठींहि शाळा सुरू केल्या, तेव्हां या तालमीचा दुसरा उपयोग दिसून आला. शाळेंत जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण आणि दगड फेंकले जात होते. अशा दिवसांत लहुजी व राणबा महार हे या शाळांचे पाठीराखे झाले. त्यांनीं केवळ संरक्षण दिलें असें नाहीं; आपापल्या वस्त्यांत फिरून मुलें शाळेंत धाडण्याविषयीं त्यांनीं आईबापांची समजूत घातली. स्वतः तलवारीचा वस्ताद असलेला मनुष्य दारोदार जाऊन अक्षरविद्येची भलामण करतो, हें चित्र मोठें बोलकें आहे. बळाची विद्या दुबळ्या मुलाला ताठ उभें करील, परंतु त्याचा अर्ज लिहिणार नाहीं, त्याचा हिशोब तपासणार नाहीं, हें त्यांना उमगलें होतें. मुक्तेचा निबंध हें या समजुतीचें फळ होय. तालमीनें जें दार रोखून धरलें होतें, त्याची हकीकत तालमीच्या घरांतल्या मुलीनें लेखणीनें जगापुढें मांडली. लहुजी १८८१ सालीं निवर्तले.

स्पर्शाच्या या विद्येला पुढें दुसरीहि एक कसोटी यावयाची होती. पहिल्या कसोटींत समाज ज्यांना स्पर्श करीत नव्हता अशीं मुलें होतीं. दुसरींत, स्पर्श हाच ज्यांचा जगाशीं मुख्य व्यवहार, अशीं मुलें आलीं.

१८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानें पश्चिम हिंदुस्थानांत अनेक मुलें निराधार केलीं. त्यांत अंधहि होतीं. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनीं १९०० सालीं मुंबईंत अंध मुलांसाठीं शाळा काढली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली आणि आतां ती कमला मेहता यांच्या नांवानें चालते. अशा शाळांनीं ब्रेल लिपी दिली, गायन-वादन दिलें, वेताच्या खुर्च्या विणण्यासारखे हातचे धंदे दिले. या कार्याचें मोल मोठें आहे. परंतु अंध मुलाच्या शरीराकडे पाहण्याची घरादाराची दृष्टि मात्र फार काळ जुनीच राहिली. "पडशील", "लागेल", "जागचें हलूं नकोस" हीं वाक्यें प्रेमापोटीं उच्चारलीं जातात; पण त्यांचा परिणाम असा होतो कीं डोळ्यांत असलेली उणीव हळूहळू सर्व अंगांत पसरते. मूल वांकून चालूं लागतें, पाऊल घासत टाकतें, उडी म्हणजे काय हें त्याला ठाऊकच होत नाहीं.

या ठिकाणीं महाराष्ट्राची एक जुनी विद्या कामास आली. मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. जोडीदार नसतांना मल्लानें ज्याच्याशीं झुंजावें असा हा लांकडी प्रतिस्पर्धी होय. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें रचलेल्या "मानसोल्लास" ग्रंथांत मल्लांच्या व्यायामाचें सविस्तर वर्णन आढळतें. आजच्या मल्लखांबाचें श्रेय मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेले बाळंभटदादा देवधर यांना दिलें जातें. वणीच्या सप्तशृंगगडावर अनुष्ठान करीत असतां वानरांच्या उड्या पाहून त्यांना ही युक्ति सुचली, अशी आख्यायिका आहे. बाजीरावाबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास गेली आणि तेथून उत्तरेकडे पसरली.

मुंबईंत शिवाजी पार्कवर १९२५ सालीं पु. ल. काळे गुरुजींनीं स्थापिलेलें श्रीसमर्थ व्यायाम मंदिर या विद्येचें एक प्रमुख पीठ झालें. त्याच संस्थेंत वाढलेले उदय देशपांडे यांनीं मल्लखांब अंध मुलींपर्यंत, अनाथ मुलांपर्यंत आणि आदिवासी मुलांपर्यंत नेला. २०२४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हां पन्नास देशांतल्या पांच हजारांहून अधिक लोकांना शिकविल्याचा उल्लेख झाला, तसाच या उपेक्षित वर्गांतल्या कार्याचाहि झाला.

अंध मुलीला खांबावर चढविणें हें वरवर पाहतां धाडस वाटतें. थोडा विचार केला म्हणजे त्यांतला तर्क पटतो. चेंडू धांवतो, रस्ता बदलतो, माणसें बाजूला सरतात. खांब मात्र जेथें काल होता तेथेंच आजहि असतो. तो हाताला लागला कीं दिशा समजते, अढी बसली कीं आपण किती उंचीवर आहों हें मांड्यांना कळतें. दोरीच्या मल्लखांबांत तर दोर पायाच्या आंगठ्यांत व शेजारच्या बोटांत पकडावयाचा असतो; तेथें डोळस मुलाचाहि डोळा फारसा उपयोगी पडत नाहीं, सर्व भिस्त पकडीवर. एखादें आसन कसें दिसतें हें अंध मुलीला सांगून समजणार नाहीं. पण शिकविणाऱ्याच्या अंगावरून हात फिरवून तें कसें घडतें हें तिला जाणतां येतें. म्हणजे जी रीत हौद्यांत दोन शतकें चालत आली, तीच येथें जशीच्या तशी लागू पडली. अंध मुलांसाठीं ती नव्यानें शोधून काढावी लागली नाहीं.

इतर देशांतल्या मल्लविद्येचा अनुभवहि याच दिशेकडे बोट दाखवितो. जपानांत कानो जिगोरो यांनीं १८८२ सालीं टोकियोच्या एका बौद्ध मठांत बारा चटयांच्या जागेंत ज्यूदोची शाळा काढली. या विद्येचा पायाहि पकड हाच. दृष्टिहीनांच्या ज्यूदोला १९८८ सालीं सेऊल येथील पॅरालिंपिक सामन्यांत स्थान मिळालें. स्त्रियांसाठीं तें २००४ सालीं अथेन्स येथें खुलें झालें. त्यासाठीं नियमांत मुख्य फेरफार एवढाच करावा लागला कीं दोघां खेळाडूंनीं एकमेकांची पकड घेतल्यावर झुंज सुरू व्हावी. स्पर्श साधून दिला म्हणजे पुढील झुंज दोघांनाहि सारखीच. २०२४ सालीं पॅरिस येथें मध्य प्रदेशांतल्या सीहोरचे कपिल परमार यांनीं याच खेळांत कांस्यपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील ज्यूदोचें भारताचें तें पहिलें पदक होय.

या यशाकडे पाहतांना एका भ्रमापासून सावध राहिलें पाहिजे. पदकें थोड्यांना मिळतात. तालमींत मात्र पुष्कळ मुलें येतात. ज्या मुलाला पदक मिळणार नाहीं त्याला काय मिळतें, यावरच या विद्येचें खरें मोल ठरतें. पडावें कसें हें त्याला प्रथम शिकविलें जातें. पडण्याचें शास्त्र आहे हें एकदां कळलें म्हणजे पडण्याची लाज जाते. दुसरें असें कीं त्याच्याकडून कांहीं अपेक्षिलें जातें. उपेक्षित किंवा अपंग मुलाच्या वांट्याला हेटाळणी तरी येते किंवा कीव तरी येते. आणि या दोहोंतहि त्याच्याकडून कसलीच अपेक्षा केलेली नसते. वस्ताद मात्र उशीर झाल्यास रागावतो, चुकलेला डाव पुन्हा करावयास लावतो, दहा जोर कमी भरले तर दहा भरून घेतो. असें रागावलें जाणें हाहि एक मान आहे, आणि तो या मुलांना फार क्वचित् मिळालेला असतो.

मात्र याच ठिकाणीं वस्तादाची जबाबदारीहि वाढते. जो हात घडवितो तोच हात दुखावूंहि शकतो. ज्याला दिसत नाहीं, ज्याला नीट बोलतां येत नाहीं किंवा ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं, असें मूल त्या हाताच्या पूर्ण स्वाधीन असतें. म्हणून वस्तादाला डाव किती येतात यापेक्षां त्याचा हात किती विश्वासाचा आहे हें आईबापांनीं आधीं पाहावें. आणि तालमीनेंहि तें पाहूं द्यावें, दार उघडें ठेवावें.

पुण्या-मुंबईच्या जुन्या पेठांतून आणि वाड्यांतून व्यायामशाळा व तालमी आजहि उभ्या आहेत. कित्येकांत सकाळ-सायंकाळ मुलें जमतात. शेजारच्याच गल्लींत एखादें अंध, मतिमंद म्हणून बाजूला ठेवलेलें, किंवा शाळा सुटून हॉटेलांत कपबशा विसळणारें मूल असतें आणि तें बहुधा आंत आलेलें नसतें. त्याला आज कोणी अडवीत नाहीं. तलवार घेऊन दारांत कोणी उभें नाहीं. परंतु त्याला कोणी बोलावलेलेंहि नसतें. लहुजी वस्त्यांतून फिरले, दारें ठोठावलीं, आईबापांशीं बोलले आणि मुलें घेऊन आले. तालमीच्या विद्येंतला हा सर्वांत अवघड डाव आहे आणि तो हौद्याच्या बाहेर खेळावा लागतो.