पहिली दुर्बीण घेताय? ‘किती पट’ नको, व्यास विचारा

शनीची कडी बघायचा हट्ट घरातल्या मुलाने धरला, की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला : दुर्बीण किती पट दाखवते? खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं असतं. बरेच जण तिथेच फसतात. चार दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाते आणि मुलाची हौसही.

व्यास महत्त्वाचा
दुर्बिणीची ताकद पुढच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते. व्यास मोठा, तितका प्रकाश जास्त. मिलिमीटरमधल्या व्यासाची दुप्पट ही मोठेपणाची साधारण मर्यादा. म्हणजे ६० मिमीच्या दुर्बिणीला १२० पट. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक.

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागायचं. ७०० मिमीच्या दुर्बिणीला १० मिमीचा आयपीस लावला की ७० पट. शनीची कडी ओळखायला तेवढं पुरतं. मात्र २०२५ मध्ये ही कडी पृथ्वीवरून कडेने दिसली. त्यामुळे ती सध्या बारीक दिसते, पुढे वर्षागणिक उघडत जाईल.

कोणती घ्यावी?
- भिंगाची, ७० ते ८० मिमी : हलकी, देखभाल कमी. चंद्र, गुरू, शनीसाठी चांगली.
- आरशाची, ११४ ते १५० मिमी : त्याच पैशात व्यास जास्त. आरसे अधूनमधून जुळवावे लागतात.
- डॉब्सोनियन, १५० मिमी : फिरत्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण. वापरायला सोपी, पण अवजड. गच्ची किंवा अंगण हवं.

स्टँड डगमगणारा असेल तर महागडं भिंगही वाया जातं. घेताना हात लावून बघा.

बजेट कमी असेल तर
१०×५० ची बायनॉक्युलर घ्या. १० पट मोठेपणा, ५० मिमी व्यास. हात स्थिर ठेवला तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. कृत्तिकेचा झुबका तर दुर्बिणीपेक्षा यातच देखणा.

कधी बघावं?
चंद्र पौर्णिमेला नव्हे, शुद्ध सप्तमी-अष्टमीला बघावा. तेव्हा सावल्या लांब पडतात आणि विवरं उठून दिसतात. मृगातला तेजोमेघ बघायचा तर हिवाळ्यातली अमावस्या आणि गावाबाहेरचा अंधार गाठावा.

कोकण, गोवा, बेळगाव पट्ट्यात पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. दुर्बीण कोरडी करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवावी.

हे विसरू नका
खास सौरफिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवल्याशिवाय सूर्याकडे कधीही बघू नये. क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. आयपीसला लावायचा छोटा सूर्यफिल्टर उष्णतेने तडकतो. खोक्यात मिळाला तरी वापरू नये.

पैसे मोजण्याआधी हौशी मंडळांच्या आकाशदर्शनाला एकदा जावं. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी. दोन-तीन दुर्बिणींना डोळा लावून बघितला, की आपल्याला काय हवंय ते आपोआप कळतं.